किल्ल्याचे तिकीट गोठ्याशेजारी

किल्ल्याचे तिकीट गोठ्याशेजारी मिळाले. लांबट दगडी कोठारात चहाची खोली, त्याच गल्ल्यावर केक आणि त्याच गल्ल्यावर तिकिटे. गल्ल्यावरच्या बाईंनी आमच्या बुटांकडे पाहिले, दाराबाहेर आभाळाकडे पाहिले आणि पाऊस अर्ध्या तासात उघडेल असे ठामपणे सांगितले. तो उघडला नाही. गोव्यातल्या पेडण्याच्या माणसाला वेल्समधल्या पावसाला पाऊस म्हणवत नाही, हा भाग वेगळा. आमच्याकडे मिरगाची सर दहा मिनिटांत जेवढे ओतून जाते, तेवढे पाणी इथे दिवसभर नुसते हवेत लोंबत राहते.

मे अखेरच्या सोमवारी इथे बँकांची सुट्टी असते. तिला जोडून गोदामातली एक रात्रपाळी बदलून घेतली आणि बायको, मुलगी आणि मी असे तिघे स्विंडनहून निघालो. सेव्हर्नचा पूल ओलांडला की वेल्स. पुलाचा टोल २०१८ च्या डिसेंबरात बंद झाला, तेव्हापासून आमच्यासारख्यांच्या सहली पश्चिमेकडे वळल्या. पूल संपताच पाट्या दोन भाषांत होतात आणि रस्त्यावर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत ‘अराफ’ दिसू लागते. अराफ म्हणजे सावकाश. मुलीने वाटेतला प्रत्येक ‘अराफ’ मोठ्याने वाचला. मोटरवे संपल्यावर लान्डायलो हे लहानसे गाव आणि तिथून चारेक मैलांवर, दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीने मागे जावे लागेल अशा रस्त्यांच्या जाळ्यात, कारेग केनेनचा किल्ला. कारेग म्हणजे खडक. पायथ्याशी शेत, शेतात गोठा.

या किल्ल्याच्या मालकीचा किस्सा इथे सगळ्यांना ठाऊक असतो. किल्ला आणि भोवतालची जमीन कॉडोर या उमराव घराण्याची होती. १९३२ मध्ये त्यांनी पडका किल्ला देखभालीसाठी सरकारच्या हवाली केला, मालकी मात्र स्वतःकडे ठेवली. पुढे १९६० च्या दशकात पायथ्याचे शेत एका शेतकरी कुटुंबाला विकताना खरेदीखताच्या शब्दांत चूक झाली आणि शेताबरोबर किल्लाही विकला गेला. तेव्हापासून किल्ला शेतकऱ्याचा आणि देखभाल सरकारची. वेल्श सरकारच्या ज्या खात्याकडे हे काम आहे त्याचे नाव ‘कादू’. वेल्श भाषेत या शब्दाचा अर्थच ‘राखणे’ असा आहे.

हे ऐकून मी पहिल्यांदा हसलो आणि मग मनातल्या मनात हाच किस्सा गोव्यात घडवून पाहिला. वन-फोर्टीनच्या, म्हणजे आमच्या सातबाराच्या, उताऱ्यावर किल्ला कोणाच्या नावावर, कुळाचा हक्क कुठपर्यंत, दुसऱ्याच्या जमिनीत राहणाऱ्या मुंडकाराचे घर तटाच्या आत की बाहेर, कोमुनिदादीचा, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचा, दावा आहे की नाही. नातवंडांची लग्ने झाली असती, पण तारखा संपल्या नसत्या. आणि तोवर तटावर पिंपळ.

चढ मोठा नाही. वाटेत लांब वाकड्या शिंगांच्या तांबूस गायी पावसात भिजत उभ्या होत्या. कुंपणाचे फाटक उघडून आपणच परत लावायचे. वर गेल्यावर कळते की किल्ला इथे का बांधला. दक्षिणेला कडा सरळ खाली केनेन नदीपर्यंत गेलेला, जवळजवळ ९० मीटर. पलीकडे ब्लॅक माउंटनची काळपट रांग आणि आपल्या नजरेच्या खाली गिरक्या घेणाऱ्या तांबड्या घारी. घारीची पाठ वरून पाहायला मिळणे हे कुठल्याही किल्ल्याचे खरे वैभव. बाकी उरलेय ते इतकेच: दरवाज्याच्या दोन बुरुजांचे बुंधे, छप्पर नसलेल्या खोल्या, एका भिंतीत अधांतरी लटकलेली चूल आणि सगळीकडे गालिच्यासारखे आखूड गवत.

मुलीने माहितीफलक वाचून काढला आणि माझ्याकडे आली.

“पप्पा, हा जुना झाला म्हणून नाही पडलेला. मुद्दाम पाडलाय.”

खरे आहे. आधी या खडकावर वेल्श राजवंशाची गढी होती. १२७७ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने हा मुलूख घेतला, पुढे तो जॉन गिफर्ड या त्याच्या सरदाराकडे गेला आणि आज दिसतो तो किल्ला तेराव्या शतकाच्या शेवटी उभा राहिला. १४०३ मध्ये ओवेन ग्लिन्डूरच्या बंडात वेल्श लोकांनी त्याला वेढा घातला. शेवट आला तो १४६२ मध्ये. इंग्लंडच्या गादीसाठी यॉर्क आणि लँकेस्टर ही दोन घराणी एकमेकांचे गळे कापत होती, लँकेस्टरची माणसे इथे दबा धरून होती. यॉर्कवाल्यांनी किल्ला घेतला आणि पुन्हा कोणाला वापरता येऊ नये म्हणून पाचशे माणसे पहारी-कुदळी देऊन कामाला लावली. खर्च आला २८ पौंड. तोही लिहून ठेवला आहे.

मराठी माणसाला हे काही नवे नाही. १८१८ नंतर याच इंग्रजांनी सह्याद्रीतल्या गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंग लावून उडवले. घरी शिकलेली विद्या होती, एवढे मला इथे येऊन कळले.

मला मात्र त्या गवतावर उभा असताना रायगड आठवला नाही, हळर्ण आठवला.

हळर्णचा किल्ला पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या काठावर आहे. आमचे गाव तिथून जवळ. तो सावंतवाडीकर भोसल्यांचा किल्ला. लहानपणी आम्ही तिथे जायचो ते इतिहासासाठी नव्हे, काजूंसाठी. खंदकात करवंदीची जाळी, चिऱ्यांच्या भिंतींतून शिरलेली मुळे आणि आत पाऊल टाकले की अंगावर येणारा तो थंड, कुबट, पानांचा वास. आजी सांगायची, आत साप आहेत. शाळेत मला शायिस्ताखानाच्या बोटांची गोष्ट आली, हळर्णची आली नाही. पुढे मीच नऊ वर्षे पेडण्यातल्या एका शाळेत मराठी शिकवत होतो, मीही मुलांना ती सांगितली नाही, कारण मलाच माहीत नव्हती.

गोष्ट अशी. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मैद याने हळर्ण घेतला. त्याच मोहिमेत तेरेखोलचा किल्लाही गेला. हा माणूस त्याआधी ब्राझीलमध्ये होता. १७२० मध्ये तिथल्या सोन्याच्या खाणींच्या मुलखात करांविरुद्ध उठाव झाला, तो याने निर्दयपणे मोडला होता. पेडण्यातल्या विजयावर लिस्बनचा राजा इतका खूश झाला की त्याने याची जुनी पदवी बदलून नवी दिली: मार्केश द आलोर्ना. म्हणजे हळर्णचा मार्क्विस. पुढे त्याची नात, लिओनोर, पोर्तुगीज भाषेतली नामवंत कवयित्री झाली. घराण्यावर राजाची इतराजी झाल्यामुळे तिचे आठव्या वर्षापासूनचे सगळे बालपण आणि तारुण्य एका मठात बंदिवासात गेले, आणि पुढे वारशाने पदवी मिळाल्यावर ती साहित्यात ‘आलोर्नाची मार्केझा’ म्हणूनच ओळखली गेली. हळर्णचे नाव पोर्तुगालच्या शाळकरी मुलांना कवितेमुळे ठाऊक असावे आणि हळर्णच्या मुलांना ते काजूमुळे, याची मला लाज वाटावी की गंमत, हे अजून ठरलेले नाही.

लिस्बनला मी पासपोर्टच्या कागदांसाठी गेलो तेव्हा एका दुकानात द्राक्षाच्या दारूची बाटली दिसली, ‘किन्ता द आलोर्ना’. १७२३ पासूनचा मळा, मूळचा त्याच घराण्याचा. मी ती बाटली हातात घेऊन बराच वेळ उभा होतो. दुकानदाराला वाटले, भाव जास्त वाटतोय.

आता या पासपोर्टचे सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्याच्यावर टेकलेले आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांची, त्यांच्या मुलांची आणि नातवंडांची जन्मनोंद लिस्बनला होऊ शकते आणि त्यावर पोर्तुगालचे नागरिकत्व मिळते. माझे वडील १९४८ चे. त्यांची नोंद झाली, मग माझी झाली आणि ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर त्या पासपोर्टवर इथे येऊन काम करता येत होते. स्विंडनमध्ये आमच्यासारखे हजारो आहेत. नुसते सासष्टी-बार्देशचे ख्रिस्ती नव्हेत, पेडणे-डिचोलीचे हिंदूही. रविवारी इथे कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत भजन होते, मराठी अभंग आणि मग घुमटवादन. घरी आम्ही पेडण्याची कोंकणी बोलतो आणि लिहितो मराठी. हे बाहेरच्यांना समजावून सांगता येत नाही आणि गोव्यात ते सांगायला गेले की भांडण होते. वेल्समध्ये मात्र लोक मान डोलावतात.

२०२३ च्या जूनमध्ये, शिवराज्याभिषेकाचे साडेतीनशेवे वर्ष लागत असताना, मुख्यमंत्री प्रमोद सावंत म्हणाले की पोर्तुगीजांच्या खुणा आता पुसल्या पाहिजेत. त्याआधीच्या वर्षी पोर्तुगीजांनी मोडलेल्या मंदिरांच्या उभारणीसाठी अर्थसंकल्पात २० कोटी ठेवले गेले होते. गावात माझा चुलतभाऊ आहे, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, त्याला मी भाई म्हणतो. तो या विचाराचा कट्टर. मी त्याला फोनवर सांगत होतो की खुणा पुसून इतिहास पुसला जात नाही वगैरे, म्हणजे या बाजूचे लोक जे जे सांगतात ते. त्याने सगळे ऐकून घेतले.

“खुणा पुसू नयेत असे म्हणतोस ना? म्हणशीलच. एक खूण तुझ्या खिशात आहे.”

यावर मला काही सुचले नाही. खरे सांगायचे तर तीन वर्षांनंतरही फारसे सुचलेले नाही. फक्त, त्या वाक्यानंतर मी ‘इतिहास पुसला जात नाही’ असली वाक्ये बोलायचे सोडले आणि किल्ले बघायला लागलो.

वेल्समध्ये हा वाद नाही असे समजू नये. एडवर्डने उत्तरेकडे बांधलेले कायनार्व्हन, कॉन्वी, हार्लेख, बोमारिस हे किल्ले म्हणजे वेल्सच्या पायातल्या बेड्या होत्या. अठराव्या शतकातल्या टॉमस पेनंट या वेल्श प्रवाशाने कायनार्व्हनला आमच्या दास्याचा सगळ्यात दिमाखदार बिल्ला म्हटले होते. हे चारही किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत आले १९८६ मध्ये. जुन्या गोव्याची चर्चेस आणि मठ त्या यादीत आले तेही १९८६ मध्येच. जिंकणाऱ्यांच्या दोन खुणा, एकाच वर्षी, एकाच यादीत. आता गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, मराठ्यांचे बारा किल्ले त्या यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. आमचा त्यात एकही नाही. यावरही भाईची तक्रार आहे आणि या तक्रारीत मी त्याच्याबरोबर आहे.

२०१७ मध्ये वेल्श सरकारने एडवर्डच्या पहिल्या किल्ल्याजवळ, फ्लिंटला, एक प्रचंड लोखंडी कडे उभे करायचे जाहीर केले. एडवर्डच्या किल्ल्यांच्या साखळीला इतिहासात ‘लोखंडी कडे’ म्हणतात, त्यावरून कोणाला तरी ही कल्पना सुचली. लोक उसळले. आमच्या गुलामीचे शिल्प आमच्याच पैशाने? हजारोंच्या सह्या जमल्या आणि सरकारने दोन महिन्यांत बेत गुंडाळला. सातशे चाळीस वर्षांनंतर. म्हणून परदेशातून कोणी गोव्यातल्यांना सांगू लागले की ‘इथे बघा, लोक कसे पुढे गेले, तुम्ही अजून तिथेच’, तर त्याला फ्लिंटचे नाव विचारावे. मीही असे सांगणाऱ्यांतला होतो.

पण फ्लिंटला लोकांनी नवे कडे नाकारले, जुना किल्ला पाडा असे कोणी म्हटले नाही. आणि त्याच वेल्सने २०२३ मध्ये ब्रेकन बीकन्स हे आपल्या राष्ट्रीय उद्यानाचे इंग्रजी नाव सोडून नुसते वेल्श नाव वापरायचे ठरवले, बानाय ब्रेखेन्योग. ते मला उच्चारता येत नाही, पण निर्णय पटतो. नाव बदलण्याला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो दुसऱ्याच गोष्टीला, आणि ती मला वेल्समध्ये नाही, लिस्बनमध्ये कळली.

कागद मिळायला तीन दिवस लागणार होते, तेव्हा मी तिथल्या साव जॉर्जच्या किल्ल्यावर गेलो. टेकडीवरचा मूरांच्या काळचा किल्ला, शहरभर कुठूनही दिसतो. दातेरी तट, चौकोनी बुरुज, चित्रातल्यासारखा. मी भारावलो. मग कळले की हे ‘मध्ययुगीन’ दाते बहुतांशी १९३८ ते १९४० च्या दरम्यानचे आहेत. १९४० मध्ये पोर्तुगालच्या जन्माला आठशे वर्षे झाल्याचा मोठा सोहळा तिथला हुकूमशहा सालाझार याला करायचा होता. त्यासाठी देशभरच्या किल्ल्यांवरून पुढच्या शतकांतले थर खरवडून काढले गेले, बराकी, तुरुंग, घरे, जे जे मधल्या काळात चिकटले होते ते सगळे. जे पडले होते ते पुन्हा रचले. किल्ला कसा, राष्ट्र जन्मले त्या दिवशी होता तसा शुद्ध दिसला पाहिजे.

हीच शुद्धीची मंडळी १९५० च्या दशकात गोव्यातही पोचली. जुन्या गोव्यातल्या बॉं जेझू चर्चच्या बाहेरच्या भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. लिस्बनच्या तज्ज्ञांनी तो काढायला लावला, उघडा चिरा जास्त प्राचीन दिसतो म्हणून. चिरा म्हणजे काय हे लिस्बनला कोण सांगणार? चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्यावर घट्ट होतो, पण सच्छिद्र तो सच्छिद्रच. वर चुना नसेल तर गोव्याचा वर्षाला तीन हजार मिलिमीटरचा पाऊस त्याला आतून पोखरतो. आज त्या भिंतींच्या झिजेची चिंता चर्चचे लोकच जाहीरपणे करतात. आणि पर्यटक तो तांबडा उघडा दगड पाहून म्हणतात, वा, किती जुने.

म्हणून भाईला मला सांगायचे आहे ते एवढेच, की पुसून शुद्ध करण्याचे हे वेड आपले नव्हे, सालाझारचे आहे. ज्याने आपल्या माणसांना गोव्यातल्या आग्वाद किल्ल्याच्या कोठड्यांत घातले त्याचे. मधले थर खरवडायचे, आपल्याला हवा तो एक दिवस निवडायचा आणि किल्ला त्या दिवसावर गोठवायचा. हळर्णवर भोसले आहेत, पोर्तुगीज आहेत, पुन्हा भोसले, पुन्हा पोर्तुगीज, मग काजू आणि साप. यातला कोणता दिवस ठेवायचा? भोसल्यांचा ठेवू म्हणणाऱ्याला विचारावे लागेल की पेडण्याच्या रयतेकडून सारा गोळा करणारे भोसले आपले कधीपासून झाले. कारेग केनेनवर वेल्श राजे, इंग्रज सरदार, बंडखोर, पाडणारे पाचशे जण, मेंढ्या, कॉडोर आणि वकिलाची चूक, सगळे फलकावर आहेत. एकालाही गाळलेले नाही, एकाची आरतीही नाही.

हे लिहिणे मला सोपे आहे, याची जाणीव आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. पत्रादेवी आमच्या तालुक्यात आहे. हुतात्मा स्मारकासमोरून मी शाळेला जायचो. आजी त्या दिवसाबद्दल फार बोलायची नाही. बोलली तर एवढेच, की त्या दिवसापासून सरहद्दीपलीकडे दिलेल्या तिच्या बहिणीला भेटायला तिला किती वर्षे लागली. वेल्समध्ये एडवर्डला पाहिलेली आजी कोणाचीच नाही. ज्याची आजी आहे त्याच्याशी बोलताना स्विंडनच्या माणसाने आवाज खाली ठेवावा. पैशाचेही तसेच. गवत कापायला, भिंतीच्या सांध्यांत चुना भरायला, लोखंडी कठडे लावायला वर्षानुवर्षे पैसा लागतो. तो इथे आहे, आणि तो कुठून कुठून आला हे मी वेगळे लिहायला नको. रेइश मागूशचा किल्ला सुधारला त्यातही एका ब्रिटिश न्यासाचा हात होता. २०१२ मध्ये तो लोकांना खुला झाला आणि माझ्या मते गोव्यातले हे सगळ्यात नीट झालेले काम आहे. यात आनंद मानावा की काय, ते ज्याने त्याने ठरवावे.

पण पुसण्याच्या गोंगाटात एक दुसरे पुसणे चालू असते, त्याकडे भाईचे लक्ष नाही. किल्ल्याचे हॉटेल होणे. तेरेखोलला १९५४ मध्ये सत्याग्रहींनी तिरंगा लावला, पुढच्या वर्षी तिथेच हिरवे गुरुजींचे रक्त सांडले. त्याच तेरेखोलात पुढे कित्येक वर्षे हॉटेलच्या खोल्या होत्या. खाडीवर सूर्य मावळताना थंड पेय घेणाऱ्याला ते नाव कोण सांगणार? पोर्तुगालमध्ये पेनीशचा किल्ला आहे, सालाझारचा राजकीय तुरुंग. आमच्या गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ च्या खटल्यानंतर तिथेच नेऊन डांबले होते. २०१६ मध्ये पोर्तुगीज सरकारने तो किल्ला हॉटेलसाठी खाजगी हातांत द्यायच्या यादीत घातला. तिथल्या लोकांनी एवढा गहजब केला की सरकारला नाव मागे घ्यावे लागले, आणि २०२४ मध्ये तिथे प्रतिकाराचे राष्ट्रीय संग्रहालय पूर्ण उघडले. कुन्हांची कोठडी पोर्तुगीजांनी राखली. आमच्याकडे आग्वादच्या तुरुंगात २०२१ पासून संग्रहालय आहे, ही चांगली गोष्ट. तेरेखोलला निदान एक फलक दरवाज्यात लागावा, नावांसकट, मराठी, कोंकणी आणि पोर्तुगीजमध्येही. हो, पोर्तुगीजमध्येही. त्यांनी वाचायला नको?

अलीकडे हळर्णचीही डागडुजी झाली. भाईनेच फोटो पाठवले होते. झाडी गेली, भिंती दिसू लागल्या, खंदक पहिल्यांदाच खंदकासारखा दिसला. मला बरे वाटले आणि काजूची झाडे कुठे गेली म्हणून थोडे वाईटही. पण किल्ल्याचे खरे काम डागडुजी झाल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात सुरू होते. श्रावणापर्यंत गवत कमरेला येते, पिंपळाचे बी कावळ्यांच्या कृपेने प्रत्येक भेगेत पोचलेले असते. तेव्हा उद्घाटनाची कोनशिला कामाची नसते, कोयता घेतलेला एक माणूस लागतो, रोजचा, पगारी, गावातलाच. त्यासाठी वीस कोटी लागत नाहीत.

कारेग केनेनला शेवटी आम्ही गुहेत उतरलो. तटाच्या पोटातून कड्याच्या कडेने एक बांधीव बोळ जातो, लहान खिडक्या असलेला, आणि त्याच्या टोकाला नैसर्गिक गुहा सुरू होते. आत मिट्ट काळोख, टॉर्च लागतोच. पाय घसरत होते. बायको तोंडाशीच थांबली, तिने आधीच सांगितले होते की साप नसले तरी ती येणार नाही. आत टोकाला थोडे पाणी साचते, त्यात पूर्वी लोक टाचण्या टाकून नवस बोलत. ओवेन लाल हाताचा नावाचा वेल्श वीर आपल्या माणसांसह या किल्ल्याच्या पोटात झोपलेला आहे, गरज पडली की उठेल, अशीही आख्यायिका आहे. मुलीला मी सांगितले की आपल्याकडे खोलगडावर राम-सीता वनवासात राहिल्याचे सांगतात. ती म्हणाली, “पण ते झोपले नाहीत ना?” मग तिने खिशातून एक पेनी काढून पाण्यात टाकली. काय मागितलेस, हे तिने सांगितले नाही.

खाली येऊन चहा घेताना भाईला फोन लावला. त्याच्याकडे संध्याकाळ झाली होती, मागे बेडूक ओरडत होते, म्हणजे पेडण्यात पाऊस लागला होता. मी गवताचा फोटो पाठवला. किल्ल्याबद्दल, एडवर्डबद्दल, सालाझारबद्दल बरेच काही सांगायचे ठरवले होते. त्याने फोटो मोठा करून पाहिला असावा, कारण बराच वेळ काही बोलला नाही.

“एवढे बारीक गवत कोण कापते रे तिथे?”

“मेंढ्या.”

“पगारी?”

“शेतकऱ्याच्या.”

तो हसला. आमच्याकडे म्हशी आहेत की, म्हणाला, हळर्णात सोडल्या तर आठवड्यात साफ करतील. फक्त म्हशींसाठी अर्ज कुठल्या खात्यात करायचा, तेवढे तुझ्या त्या कादूला विचारून सांग.